गप्प झाली म्हंजे मेली नाय

मोटरीला नुसता हात लावून तिचं दुखणं सांगणारा माणूस अख्ख्या पनवेलमध्ये एकच, तो म्हणजे मी. मी सांगितलेलं दुखणं आजवर एकदाही बरोबर निघालं नाही, खरं काय ते माझ्या मागून हिराजीदादा सांगायचा आणि मग मी मान हलवत म्हणायचो, "मी पण तेच म्हणत होतो."

हिराजीदादाचं मोटर वायंडिंगचं दुकान उरण नाक्याच्या मागच्या गल्लीत होतं. दुकान म्हणजे आत दोन माणसं आणि एक मोटर मावायची. तिसरा आला तर श्वास घ्यायला बाहेर जायचा. जळालेल्या मोटरी यायच्या. दादा त्यांची करपलेली तार उपसून काढायचा, नवी तांब्याची तार भरायचा, वारनिश पाजायचा. मी टेम्पोवाला. मोटरी आणायच्या, नेऊन द्यायच्या, मधल्या वेळात दुकानाच्या पायरीवर बसून दादाचा चहा प्यायचा. माझं शिक्षण चौथी. चौथीने मला दोन वर्षं ठेवून घेतलं, इतका तिचा माझ्यावर जीव. पण दादाच्या पायरीवर बसून कंडेन्सर, फेज, बेअरिंग असले शब्द तोंडात आले, आणि शब्द आले की माणसाला वाटायला लागतं आपल्याला कळतं. मला तर पहिल्याच आठवड्यात वाटलं.

दादा आगरी. सडपातळ, काटकुळा, पांढरा हाफ शर्ट वारनिशने पिवळा झालेला, चष्म्याची एक काडी वायंडिंगच्या दोऱ्याने बांधलेली. वारनिशने त्याच्या बोटांच्या रेषाच गेल्या होत्या. रेशनच्या दुकानात त्या मशीनवर अंगठा लावायचा, मशीन म्हणायची, माणूस सापडत नाही. परत लावायचा, परत तेच. रांगेतले लोक हसायचे. दादा अंगठा शर्टाला पुसून शांतपणे म्हणायचा, "मी नाय हाय वाटते." आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहायचा. मला पहिल्यांदा हसू आलं. नंतर नंतर तो तसं म्हणाला की मी हसायचा थांबायचो, कारण तो गंमत करतोय का खरंच म्हणतोय, ते त्याच्या तोंडावरून कळायचं नाही.

तार भरताना तो फेरे मोजायचा. तोंडातल्या तोंडात. त्या वेळी बोलायचं नाही हा एकच नियम त्या दुकानात होता, आणि तो मी रोज मोडायचो. "दादा, आज मासळी बाजारात काय जिताडा आलाय!" दादाचे हात थांबायचे. शिवी नाही, डोळे वटारणं नाही. भरलेले सगळे फेरे उलटे सोडवायचा आणि एकपासून परत सुरू. मी म्हटलं, "अंदाजे पुढं चल ना, दोन-चार इकडं-तिकडं." तर म्हणाला, "मोटरला अंदाज नाय कलत, पक्या. तिला फेरे कलतात."

त्याची जन्माची वाडी विमानतळात गेली. एकदा उलव्याच्या बाजूला मोटर पोचवायला गेलो, तर दादा म्हणाला, जरा थांबव. रस्त्याच्या कडेला तारेचं कुंपण, पलीकडे सपाट करून टाकलेली लाल माती. दादा कुंपणाला धरून उभा. बोटाने दाखवतो, "ती आमची ओटी. त्या बाजूला हिरीवर चिच. हितं शेजारचा गोठा." तिथं काही म्हणजे काही नव्हतं. वॉचमन शिटी मारत आला, काय पाहिजे म्हणाला. मी म्हटलं, "साहेब, आमच्या दादाचं घर हरवलंय, सापडलं तर फोन करा." वॉचमनही हसला. दादा हसला नाही. पुढे विमानं उतरायला लागल्यावर डोक्यावरनं एखादं गेलं की दादा वर न बघता म्हणायचा, "उतरला आमच्या ओटीवर."

पण त्याची खरी खोड वेगळीच. कुठल्याही बंद मोटरीला, बंद वायरीला, तुटून पडलेल्या तुकड्याला हात लावायच्या आधी दादा थांबायचा, जरा वाकायचा, आणि दारात उभं राहून हाक मारतात तसं विचारायचा, "कोन हाय का?" मग दोन तारांना लावलेला बल्ब टेकवून बघायचा, मग हात. टेबलावर सुट्या पडलेल्या मोटरीलासुद्धा. नवं गिऱ्हाईक चमकून मागं बघायचं, आत कोणी म्हातारं माणूस झोपलंय का. मी त्याची नक्कल करायचो. चहाच्या रिकाम्या ग्लासात तोंड घालून म्हणायचो, "कोन हाय का?" गल्लीतले पोट धरून हसायचे. दादा तेवढा वेळ दुसरीकडे बघायचा. ही खोड त्याला कुणामुळे लागली, हे गल्लीत फक्त आम्हा दोघांना माहीत होतं, आणि नक्कल करणारा मी होतो. यावरून माझी लायकी समजून घ्या.

आधी मशीनचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मला स्वतःला ते कळायला एक माणूस मरावा लागला.

तो माणूस गेल्यानंतर काही वर्षांनी मुंबईचे एक शेठ आले होते. डोंगराच्या पायथ्याशी बंगला, मागे वाहता ओढा. त्यांना ओढ्यावर वीज करायची होती. म्हणाले, इंडक्शन बसवू का सिंक्रोनस? मी लगेच पायरीवरून, "शेठ, इंडक्शनच घ्या, भांडी काळी होत नाहीत." मशीनचं ते नाव मला तोवर माहीत नव्हतं, मला खरंच ती शेगडी वाटली होती.

दादा म्हणाला, "शेठ, काय लावनार?"

"चार दिवे."

"त्ये आजचा झाला. उद्या काय लावनार?"

शेठला राग आला. उद्याचं कुणी सांगावं! दादाने हातातली मोटर खाली ठेवली. भजनाला जाणारा माणूस तो, त्याला सगळं भजनातच सुचायचं. म्हणाला, "इंडक्शन म्हंजे भजनातला टालकरी. बुवा गायला लागला का त्यो झकास साथ देते. रानात एकटा बसवला का मुका. मंग त्याला कंडेन्सर बांधायचे, का त्यो आठवून आठवून सोताच गुनगुनते. सस्ता, दनकट, चिखलात टाका, पान्यात टाका, कटकट नाय. दिव्यांना बेस. पन त्याच्यावर मोटर चालू करायला गेलात, का वजन नाय झेपत. गप्प."

"आणि दुसरा?"

"सिंक्रोनस म्हंजे बुवा. सोताचा सूर सोता लावते. महाग, नखरे लय, डोक्यात एक कार्ड असते ते भिजला का रुसला. पन मोटर उचलते."

शेठ म्हणाले, "मग इंडक्शन गप्प झाली तर परत चालू करायची. त्यात काय एवढं?"

दादाने कोपऱ्यातल्या गोणपाटाकडे बघितलं. शेठने माझ्याकडे बघितलं, मी चपलेकडे बघितलं. मग दादा म्हणाला, "शेठ, गप्प झाली म्हंजे मेली नाय. वरचा वजन काढला का परत गाते. सांगून नाय गात."

दुकानाच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली एक मोटर होती. जुनी, पंपाची. ती दादाने कधी विकली नाही, उघडली नाही, तिचं तांबं काढलं नाही. दर शनिवारी गोणपाट बाजूला करून दांडा हाताने चार वेळा फिरवायचा, बेअरिंग धरू नये म्हणून. एकदा मला म्हणाला, इकडं ये. तिच्या तारांना काट्याचा मीटर लावला आणि दांडा जोरात फिरवला. कुठंच काही जोडलेलं नाही, वीज नाही, आणि काटा हलला. अगदी थोडा. झोपेत माणसाची पापणी हलते तेवढा.

"लोखंडाला आठवन असते, पक्या," दादा म्हणाला. "तेवढ्यावर ती जागी व्हते."

मी म्हटलं, "माझी सासू पण अशीच." दादाने गोणपाट परत घातलं.

तीच ती मोटर.

पनवेलच्या मागच्या डोंगरात एक वाडी आहे. माझा टेम्पो थांबतो तिथून दीड तास चढण. सतराएक वर्षांपूर्वी तिथं विजेचा खांब नव्हता, ओढा होता. दादाने तिथं ती पंपाची मोटर उलटी चालवून, कंडेन्सर बांधून वीज करून दिली. इंडक्शन. मोटर हातात होती, सस्तं काम होतं, वीस दिवे लागायचे. वाडीने सांगितलं, आम्हाला दिवेच पाहिजेत. दादा म्हणाला, मग झालं. वाडीतला चांगू नावाचा माणूस ती मशीन सांभाळायचा. ओढ्यात एक लाकडी फळी होती; ती खाली टाकली की पाणी अडायचं, चाक थांबायचं. वायरीला कुठं हात लावायचा झाला तर आधी जाऊन फळी टाकायची, एवढंच दादाने त्याला शिकवलं होतं, आणि तो ते शाळेतल्या प्रार्थनेसारखं पाळायचा.

पुढे वाडीने कुठूनशी एक जुनी पिठाची चक्की मिळवली. आणि कुणीतरी ती त्या लाईनीला जोडून दिली.

कुणीतरी म्हणजे मी.

टेम्पोतून नेली मी, चार माणसांबरोबर वर चढवली मी. वर पोचल्यावर चांगू म्हणाला, "हिराजीबाबाला इचारला का?" मी छाती काढून म्हटलं, "मी कोण? दादाचा माणूस." तारा उघड्या करून पीळ दिला, चिकटपट्टी लावली. दुपारची वेळ होती. बघायला सोपं जावं म्हणून घरातला एक बल्ब पेटवून ठेवला होता. मी चक्कीचा खटका दाबला. चक्की नुसतीच हुंकारली. बल्ब पिवळा झाला, लाल झाला, त्याच्या आतली तार दिसायला लागली, मग तीही दिसेना. गप्प.

चांगू म्हणाला, "थांब, फली टाकून येतू."

ओढा दोनशे पावलं खाली. पाण्याच्या आवाजात चाकाचा आवाज येत नव्हता. मी म्हटलं, "कशाला उगाच चालतोस? मेली ती. काढ बिनधास्त."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी दादाचा माणूस होतो. त्याने वायर हातात धरली आणि पीळ उलगडून चक्कीपासून सोडवली.

तो बल्ब पेटला. नेहमीसारखा नाही. इतका पांढरा बल्ब मी कधी बघितला नाही. डोंगरावर भर दुपारी ऊन होतं, तरी त्या बल्बने माझी सावली पाडली, मागच्या कुडाच्या भिंतीवर. मी चांगूकडे बघायच्या आधी त्या सावलीकडे बघितलं. मग फळी टाकायला धावलो. ज्या दोनशे पावलांचा मला कंटाळा आला होता ती मी किती वेळात गेलो, मला आठवत नाही. जाऊन उपयोग नव्हता.

पोलीस आले, दादा आला. साहेबाने विचारलं, जोडणी कुणाची? मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण माझं तोंड उघडायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात दादा म्हणाला, "माजी. लायनीला खटका नाय लावला, त्यो पन मीच. दिवेच तर हायत, बोललो." पुढे चकरा झाल्या, अपघात म्हणून मिटलं. वाडीत मात्र पक्कं झालं की हिराजीच्या मशीनने चांगूला खाल्लं. दादा पुन्हा वर गेला नाही. ती मोटर खाली आणून कोपऱ्यात ठेवली, आणि त्या दिवसापासून बंद वायरीला विचारायला लागला, कोन हाय का.

मला एका शब्दाने बोलला नाही. एक कानाखाली दिली असती तर मी सुटलो असतो. विनोदी माणसाची एक मोठी सोय असते, त्याला कुणी खरं विचारत नाही. त्या सोयीत मी पंधरा वर्षं राहिलो. घरी दिवे जाऊन परत आले की मी उठून अंगणात जातो. बायको म्हणते, "बिल भरलंय, पळता कुठं?"

मागच्या वर्षी एक इंजिनीयर मॅडम दुकानात आल्या. त्यांच्या संस्थेला त्याच वाडीवर ओढ्याची वीज करायची होती. मधल्या काळात तिथं खांब पोचले होते, पण वीज यायची ती दिव्यापुरती, आणि पावसाळ्यात झाड पडलं की महिना महिना अंधार. मॅडमनी सगळा नकाशा आणला होता. म्हणाल्या, "काका, मी इंडक्शन ठरवलं होतं. पण तिथल्या बुधीबाई म्हणतात, कुठली मशीन ते हिराजीबाबा ठरवेल. तो येणार नसेल तर मशीन नको."

बुधी म्हणजे चांगूची बायको.

दादाच्या हातात तार होती. मी काही बोललो नव्हतो, तरी त्या दिवशी तो फेरे चुकला. उलटे सोडवले नाहीत. तार तशीच ठेवून उठला आणि म्हणाला, "टेम्पो काड."

सत्तरी ओलांडलेला माणूस. दीड तासाची चढण अडीच तासात चढला. मी मागून स्टूल घेऊन, जिथं थांबेल तिथं मांडायला. वाटेत मी सात-आठ विनोद केले. एकही चालला नाही. वर ओढ्याकाठी पंधरा-वीस माणसं जमली. बुधीबाय पुढे, केस पांढरे झालेले, हात लाकडासारखे. दादाने तिच्याकडे बघितलं आणि तिने दादाकडे. दोघांनीही हात जोडले नाहीत.

मॅडमनी समजावलं, आणि खोटं सांगायचं नाही, चांगलं समजावलं. इंडक्शन मोटर पनवेलच्या कुठल्याही दुकानात दुरुस्त होते. आता तिला कंट्रोलर बसवता येतो, मागच्यासारखी वेडी होत नाही. सिंक्रोनसचं कार्ड इथल्या ओलीत महिन्यात सडेल आणि ते बदलायला कोण चढून येणार? लोक माना हलवत होते. मी पण हलवली; मी दोन्ही बाजूंना हलवतो.

दादाने सगळं ऐकलं. मग वाडीला विचारलं, "उद्या काय लावनार?"

ओढा तेवढा बोलत होता.

बुधीबाय म्हणाली, "चक्की."

दादा खाली बघत होता.

"तीच हाय," ती म्हणाली. "पलास्टिकखाली झाकून ठेवलेय. दलन घेऊन खाली उतरते मी अजून. गुडघे गेले."

दादा मॅडमला म्हणाला, "मंग बुवा बसवा. सिंक्रोनस."

"काका, तीही बंद पडते. तिच्यानेही माणूस मरू शकतो. तुम्ही घाबरून निवडताय."

"व्हय, मॅडम. मागच्या वेलेला हिमतीनं निवडलेली."

मॅडमनी वही उघडली. मग लिहायला लागल्या. दादा सांगत गेला. कार्डं दोन आणा, एक पत्र्याच्या डब्यात तांदळात पुरून ठेवा, कोरडं राहील. आणि लाईन घराघरांत जायच्या आधी, सगळ्यांना दिसेल असा मोठा खटका. त्याचा दांडा काढता आला पाहिजे. ज्याला वायरीला हात लावायचाय त्याने दांडा काढून स्वतःच्या कमरेला खोचायचा, मगच हात. दांडा कमरेला असेल तर दुसरा कुणी चालू करू शकत नाही, आणि कुणी शहाणा "मेली" म्हणाला तरी बिघडत नाही.

तो "कुणी शहाणा" म्हणाला तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

तो सगळा वेळ बुधीबाय माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी काय सांगितलं असेल? मी म्हटलं, "बाय, चक्की सुरू झाली की पहिलं पीठ माझ्या बायकोला पाठव, तिच्या भाकरीला दात लागत नाहीत, ब्लेड लागतं." लोक हसले. बुधीबाय नाही. दादा पण नाही.

मशीन आली. आठ माणसांनी बांबूला बांधून वर नेली, नवरीसारखी. दर वळणावर खाली ठेवून घाम पुसायचे. दादा परत चढला. चार दिवस तिथंच राहिला, बुधीबायच्या पडवीत. काय बोलले असतील देव जाणे. मी वर गेलो तो चालू करायच्या दिवशी.

फळी उचलली. चाक फिरलं. बल्ब लागला, साधा, पिवळा. दादाने बुधीबायला खूण केली. तिने चक्कीचा खटका दाबला. मी तेव्हा एका झाडामागे होतो. लघवीला गेलो होतो असं मी नंतर सांगितलं. बल्ब दबला. पिवळा, मग लालसर. मी झाडाचं खोड धरलं; त्या दुपारीही असंच झालं होतं. आणि मग मशीनने दम धरला, आवाज खाली गेला तो हळूहळू वर आला, बल्ब परत भरला आणि चक्की गरगर फिरली. पट्टा जुना होता, मांजर पकडल्यासारखा किंचाळत होता. बुधीबायने नाचणी ओतली. सगळे चक्कीकडे बघत होते, दादा एकटा बल्बकडे. बराच वेळ बघून त्याने चष्मा काढला आणि मला शोधलं. झाडामागं.

उतरताना अर्ध्या वाटेत स्टुलावर बसून दादा म्हणाला, "सांगितलास तिला?"

त्या गोष्टीवरचा पंधरा वर्षांतला तो पहिला शब्द.

मी म्हटलं, "दादा, आज चांगला दिवस. चांगल्या दिवशी कशाला?"

"वाईट दिवस पन व्हता," तो म्हणाला. "तवा कुटं सांगितलास?"

तो उठला, मी स्टूल उचललं आणि मागून उतरायला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेलो तर टेबलावर तो लोखंडी दांडा. खटक्याचा. शेवटची तपासणी करताना दादाने काढून कमरेला खोचला होता आणि तसाच पनवेलला घेऊन आला होता. म्हणजे खांबावरची वीज गेलेली, आणि वर सगळी वाडी नवी मशीन असून अंधारात.

"राहिला कमरेला," दादा म्हणाला. "नेऊन दे."

फेऱ्याफेऱ्याचा हिशोब ठेवणारा माणूस एवढी मोठी वस्तू विसरला? मी त्याच्याकडे बघितलं. तो खाली मान घालून तार भरायला लागला होता. मी दांडा उचलला, पायरी उतरलो, गल्लीच्या तोंडाशी वळून बघितलं. दादाची पाठ दिसत होती. ओठ हलत असणार, कारण मान किंचित हलत होती. मी ओरडलो, "दादा, जातो!" त्याने मागं न बघता डावा हात वर केला आणि तसाच धरून ठेवला, मी बोलायचा थांबेपर्यंत. मोजणं चुकू नये म्हणून. तेच शेवटचं. मी डोंगरावर असताना दुपारी तो तिथंच खुर्चीत गेला. मी उतरलो तेव्हा दुकानाला गल्लीतल्यांनी बाहेरून कडी घातली होती आणि त्याला घरी नेलं होतं. मोटर अर्धी भरलेली टेबलावर. किती फेरे झाले होते ते त्यालाच माहीत.

पण वर जाताना मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी दीड तास भाषण पाठ करत चढलो. आयुष्यात पहिल्यांदा पाठांतर केलं. बुधीबाय चक्कीच्या खोपटात झाडत होती. मी दारात उभा राहिलो, डोळे मिटले आणि पाया पडायला वाकलो. डोळे उघडले तर समोर पाय नव्हते. ती सूप आणायला आत गेली होती. ती परत येईपर्यंत मी तसाच वाकून राहिलो, कारण सरळ झालो असतो तर मी नक्की काहीतरी विनोद केला असता.

म्हटलं, "बाय, त्या दिवशी फळी टाकायला निघालेला चांगू. दादाने त्याला काही सांगितलं नव्हतं. दादा तर खाली होता. मी म्हटलं मेली ती, काढ. मी. दादाचा दोष नाही."

तिने सूप खाली ठेवलं.

"ठाव हाय," ती म्हणाली. "कुडाच्या पाठी नाचनी पाखडत व्हते मी. तुजाच आवाज व्हता."

मी उंबऱ्यावर बसलो. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुला बोलून काय व्हनार व्हता? तू हसवला असता."

माझ्या हातातला दांडा तिने घेतला, पदराला पुसला, कमरेला खोचला. सूप उचललं. मी अजून उंबऱ्यावरच. रडावं का जावं ते मला कळत नव्हतं, आणि ती दोन्हीसाठी थांबली नव्हती.

"ऊठ, वाटेत बसू नको," ती म्हणाली. "आनि परत येशील तवा नुसता तोंड घेऊन येऊ नको. चक्कीचा पट्टा घेऊन ये."